कुरडईविना ताट

वयाच्या तेविसाव्या वर्षी चतुराला अख्खं शहर मावशी म्हणायचं, आणि तिच्या रागाची सुरुवात तिथूनच होते.

जालना रोडवरच्या एका खासगी प्रसूतिगृहात ती आयाबाई होती. दुपारी दोनला जायचं, चौकड्याची साडी नेसायची आणि मग बेडपॅन, बादल्या, ओले कपडे, फरशी. कामाची तिला लाज नव्हती. माहेरी पैठण तालुक्यात शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहिलेल्या पोरीला बेडपॅनची कसली आली किळस? तिला चीड यायची ती हाकेची. तिच्या आईच्या वयाच्या बायका खाटेवरून ओरडायच्या, "ए मावशी, पाणी आण." आणि त्याच वॉर्डात चतुराच्याच वयाची एखादी पोरगी पांढऱ्या कपड्यांत आली की ह्याच बायका पदर सावरून म्हणायच्या, "सिस्टर, जरा बघता का?"

बरं, नुसतं हाकेचंच नाही. बाळंतिणीभोवती सासरचं लटांबर जमलं की सिस्टर दारात उभी राहून "बाहेर व्हा" म्हणायची आणि भलेभले मिशीवाले गुमान बाहेर व्हायचे. हेच चतुरानं एकदा करून पाहिलं, तर एका म्हाताऱ्यानं तिच्याकडं न बघताच सांगितलं, "मावशी, तू तुझं झाडू-पोछाचं बघ." त्या रात्री घरी येताना तिनं मनाशी पक्कं केलं की आपण सिस्टर व्हायचं. सेवाभाव वगैरे शब्द लोक पुढं तिच्याबद्दल बोलताना वापरू लागले. तेव्हा तिच्या मनात निव्वळ खुन्नस होती, आणि ती हे कधी लपवत नाही.

पण नर्सिंगला जायचं तर बारावी हवी. विज्ञान घेऊन झाली तर उत्तमच. चतुरा दहावी पास होती, आणि निकालाचे पेढे संपायच्या आत तिचं लग्न लागलं होतं. सासर मुकुंदवाडीचं. एके काळचं खेडं. शेतं प्लॉटमध्ये गेली, शहर येऊन भिंतीला टेकलं, पण जुन्या गावठाणातली भावकीची गल्ली मात्र होती तशी राहिली. नवरा बद्रीनाथ वाळूजला एका कंपनीत होता. कधी पहिली पाळी, कधी तिसरी. बद्रीनाथ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडायला तरी बरं पडलं असतं. त्याला काहीही विचारलं की तो म्हणायचा, "आईला इचार."

अकरावीला नाव घालताना तिनं आईला विचारलं नाही, सांगितलं. सकाळचं कॉलेज, दुपारची ड्युटी, घरातलं काम कुठं अडत नव्हतं, म्हणून सासूनं तोंड वाकडं करून ते चालवून घेतलं. वर्गात सोळा-सतरा वर्षांची पोरं आणि त्यांच्यामध्ये मंगळसूत्र घातलेली चतुरा. पोरं तिला काकू म्हणायची. दवाखान्यात मावशी, कॉलेजात काकू. तिच्या वयाप्रमाणं हाक मारणारं या शहरात कोणी नव्हतंच म्हणायचं. तरी ती अकरावी निघाली. काठावर निघाली, पण निघाली.

आणि मग केमिस्ट्रीच्या सरांनी जाहीर केलं की एप्रिल आणि मे, सुट्टीतच, बारावीचे वर्ग सुरू होणार. रोज सकाळी सातपासून. "अवघड धडे मी उन्हाळ्यातच संपवतो," सर म्हणाले. "जूनमध्ये परत शिकवणार नाही. ज्याला गावाला जायचं त्यानं खुशाल जावं."

इतर पोरांनी कपाळाला आठ्या घातल्या. चतुराला मात्र ते ऐकून बरं वाटलं, कारण तिची अडचण वेगळीच होती. जूनपासून बारावीचे तास दुपारी भरणार होते आणि दुपारी तिची ड्युटी. ड्युटी सोडली तर फी कुठून भरणार, आणि ड्युटी धरली तर तास कुठले मिळणार? म्हणजे शिकायचं ते या उन्हाळ्यात. उरलेलं घरी वाचून, प्रयोग आठवड्याच्या सुट्टीला जमवून कसंबसं रेटता आलं असतं. उन्हाळा हुकला तर बारावी हुकली, बारावी हुकली तर जन्मभर मावशी. हिशेब इतका सरळ होता.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? अडलं कुरडईपाशी.

ज्यांनी कुरडई फक्त ताटात पाहिली आहे त्यांना थोडं सांगायला हवं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, गाळायचे, आणि भांड्याच्या तळाला जो पांढरा साका बसतो तो म्हणजे चीक. हा चीक भल्या पहाटे आधणात शिजवायचा. एकीनं ओतायचा, दुसरीनं घोटायचा, तिसरीनं गरम गरम सोऱ्यात भरायचा आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर त्याच्या चकत्या पाडायच्या. एकट्या बाईचं हे काम नव्हे. म्हणून गल्लीत सावड असते. आज माझ्या घरच्या कुरडया, तुम्ही सगळ्या या. उद्या तुमच्या, मी येते. कोण आलं, कोण नाही, हे कुठं लिहून ठेवत नाहीत, आणि म्हणूनच कोणी विसरत नाही. होळी झाली की अखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, मुकुंदवाडीच्या त्या गल्लीतली प्रत्येक सकाळ कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर जायची.

चतुराच्या घरातून सावडीला जाणारी एकटी चतुरा. सासूचे, दगडाबाईचे, गुडघे गेले होते. बसली की उठता येईना, उठली की बसता येईना. दगडाबाईच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापांनी हिचं नाव दगडा ठेवलं. दगडाला कोण नेतंय? पुढं तिनं ते नाव अंगी बाणवून घेतलं, असं चतुराचं मत होतं.

वर्गाचं ऐकल्यावर दगडाबाई म्हणाली, "सकाळी कुरडया असत्यात."

"मला ठाव हाय, आत्याबाई."

"मग?"

"मग मी यंदा जाणार नाय. वर्ग करणार हाय."

दगडाबाईनं तोंडातली सुपारी थांबवली. "यंदा सावड फेड. पुढल्या साली शिक."

"पुढल्या साली सावड नसती का?" चतुरानं विचारलं.

त्यावर दगडाबाईनं मेलेल्या नवऱ्याला मध्ये आणलं. अखितीला पितरांचं ताट असतं. आमरस, पुरणाची पोळी, भजी आणि त्यावर घरची कुरडई. सासरा जाऊन वर्षंच किती झाली होती. त्याच्या नावानं भावकीतल्या थोर माणसाला ताटावर बसवायचं आणि ते तृप्त करून उठवायचं, ही दगडाबाईची वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट. "धन्याच्या ताटात कुरडई नाय वाढायची का मग?" असं म्हणून ती डोळ्याला पदर लावायची. त्या पदराला चतुरा आजवर नेहमी वचकत आली होती.

दोन दिवस तिनं विचार केला. बादल्या भरताना केला, चादरी बदलताना केला. कुरडयांशी तिचं वैर नव्हतं. खरं तर पहाटेची ती गच्ची तिला आवडायची. गरम चिकात साखर घालून खायची, बायकांच्या गप्पा ऐकायची. गल्लीशी फटकून राहावं असंही तिला वाटत नव्हतं. अडीनडीला धावून येणाऱ्या त्याच बायका होत्या. पण कुणाला तरी नाही म्हणायचं होतंच, आणि आजवर प्रत्येक वेळी तिनं ते स्वतःलाच म्हटलं होतं. यंदा दुसऱ्यांची पाळी, असं तिनं ठरवलं.

आणि इथं चतुरानं एक चूक केली. शहाणपणा करायला गेली आणि फसली.

तिला वाटलं, सावडीला हात पाहिजेत ना, मग हात पाठवू. मुकुंदवाडीच्या नाक्यावर सकाळी मजूर बाया उभ्या असतात. तिथली भागूबाई म्हणून एक होती, पापड-कुरडयांत तरबेज. चतुरानं तिला रोजानं ठरवलं, पत्ता दिला आणि त्या दिवशी कुरडया असलेल्या आक्काबाईच्या घरी पाठवून दिलं. आक्काबाई म्हणजे चतुराची चुलत सासू, शेजारचंच घर, आणि गल्लीच्या सावडीची बिनपगारी मुकादम. चतुरा निर्धास्त मनानं वर्गाला गेली. पहिल्याच दिवशी सरांनी फळा भरून काढला आणि तिला त्यातलं अर्धं समजलं. अर्धं समजल्याचा आनंद इतका झाला की कॉलेज ते मुकुंदवाडी ती पायीच आली.

गल्लीच्या तोंडाशी भागूबाई बसलेली. म्हणाली, "बाई, तिथं मला कुणी पिठाला हात लावू दिला नाय. बसाय पाट दिला, च्या पाजला, रोज दिला अन वाटंला लावलं."

"रोज कुणी दिला?"

"त्या घरच्या बाईनं. तुमचा रोज मला नगं आता. दोन घरचं कसं घेऊ?"

काय झालं ते चतुराला तिथंच कळलं. सावडीत माणूस स्वतः येतो. गल्लीतली सगळ्यात मानाची बाई सुद्धा दुसरीच्या गच्चीवर उकिडवी बसते, आणि त्या बसण्यातच सगळं असतं. तिथं मजूर धाडणं म्हणजे, तुमचं काम आमच्या हातांच्या लायकीचं नाही, असं दारात जाऊन सांगणं. चतुराच्या ते ध्यानीमनी नव्हतं. पण आक्काबाईनं ते तसंच घेतलं, आणि मजूर बाईचा रोज स्वतः चुकता करून तिला साभार परत पाठवलं.

ती माफी मागायला गेली. चुकलं ते चुकलं म्हणण्यात तिला कमीपणा वाटला नाही. "काकी, मजूर धाडायला नको होती. मला उमगलं नाय. माझी सुट्टी असती त्या दिवशी मी येते, दिवसभर राबते. पापड लाटते, शेवया करते, सांगाल ते."

आक्काबाई सुपात गहू पाखडत होती. पाखडायची थांबली नाही. "तुझ्या सुट्टीला इचारून चीक बसत नसतो, सूनबाई. तुझी सासू तीस वरसं आली. ताप अंगात असला तरी आली. तू लई मोठी झालीस."

"मोठी व्हायचंच हाय मला," चतुरा म्हणाली. "म्हणून तर शिकते."

हे बोलायला नको होतं, असं तिला घरी येईपर्यंत वाटत राहिलं. घरी आल्यावर वाटेनासं झालं.

त्यानंतर गल्ली गप्प झाली. भांडण नाही, तंटा नाही. नळावर बायका हसून बोलायच्या, पण उद्या कुणाच्या कुरडया आहेत ते कोणी सांगेना. चतुरा रोज सकाळी वही पिशवीत टाकून निघायची तेव्हा वरच्या गच्च्यांवरून बोलणं थांबायचं आणि ती कोपऱ्यावर वळली की परत सुरू व्हायचं. ती मुद्दाम चपला वाजवत जायची.

दगडाबाईनं मात्र आपला डाव टाकला. एके दिवशी चतुरा ड्युटीवरून आली तर मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातलेले. "अखिती जवळ आली," सासू एवढंच म्हणाली. म्हणजे आता चौथ्या-पाचव्या दिवशी चीक होणार, तो थांबणार नाही, आणि त्या सकाळी सून घरात असणारच, कुठं जाईल? गल्लीतही तिनं काठी टेकत टेकत जाऊन प्रत्येक दारात सांगितलं. आयुष्यभर जिच्या हातच्या कुरडया गल्लीनं वाळवल्या ती स्वतः सांगायला आली म्हटल्यावर बायका येतील, याबद्दल तिला शंका नव्हती. सुनेवरचा राग सासूवर काढण्याइतकी गल्ली वाया गेली नाही, असं ती म्हणाली.

त्या सकाळी चीक मस्त बसला होता. वरचं पाणी निथळून काढलं, चुलीवर आधण ठेवलं, गच्चीवर धुतलेली साडी अंथरली, सोऱ्याला तेल लावलं. ही सगळी तयारी चतुरानंच उठून केली. एवढं तर ती करूच शकत होती. मग दोघी वाट पाहत बसल्या. उजाडलं. आक्काबाईच्या घरातून भांड्यांचा आवाज आला. समोरच्या दारात एक बाई आली, सडा टाकला, वर बघितलं आणि आत गेली. कोणी आलं नाही.

आधण उकळून उकळून निम्मं झालं.

"पोरी," दगडाबाई म्हणाली. एरवी ती कधी पोरी म्हणायची नाही. "एक दिस नको जाऊस. एकाच दिसाचा सवाल हाय."

चतुरा पिशवी घेऊन उभी होती. त्या दिवशी वर्गात काही विशेष नव्हतं, हे तिला माहीत होतं. परीक्षा नव्हती, प्रयोग नव्हता. एक दिवस बुडाला असता तर आभाळ कोसळलं नसतं. आणि सासूचा तो आवाज ऐकून तिला खरोखर वाईट वाटलं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज चीक आहे, उद्या कुणाची ओटी असेल, परवा जावळ. प्रत्येक दिवस एकाच दिवसाचा सवाल असतो, आणि असे एकेक करून लग्नापासूनची सात वर्षं कुठं गेली ते तिला कळलं नव्हतं.

"ज्यायला यायचं होतं त्या आल्या नायत, आत्याबाई," ती म्हणाली. "त्याची शिक्षा मला कामून?"

आणि ती गेली. जिना उतरून गल्लीत आली. आक्काबाईच्या दारावरून जाताना तिनं मान खाली घातली नाही.

वर्गात सर काय बोलले ते तिला त्या दिवशी नीट ऐकू आलं नाही. तरी शब्दन् शब्द लिहून घेतला.

दुपारी घरी आली तर गच्चीवरची साडी कोरडी ठणठणीत. दगडाबाईनं एकटीनं चीक घोटायचा प्रयत्न केला होता. खाली लागला, गुठळ्या झाल्या, आणि शेवटी तिनं तो शेजारच्या म्हशीपुढं ओतला होता. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. बद्रीनाथ तिसऱ्या पाळीवरून येऊन, झोपून, उठून दारात बसला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"बापाच्या ताटात काय वाढू मी आता? तुझी वही?"

"तुम्ही सकाळी कुठं होता?" चतुरानं विचारलं.

"झोपलो होतो. रातभर मशिनीवर उभा होतो मी."

"मी बी काल नऊपस्तोर उभीच होते. बाप तुमचा, आई तुमची, ताट तुमचं. मग हात माझेच कामून?"

बद्रीनाथ आपल्या हातांकडं बघत राहिला, जणू ते आजच बसवून दिले होते. दगडाबाई अजून भिंतीकडंच तोंड करून पडली होती. पण ती झोपलेली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

अखितीपर्यंत सासूनं अबोला धरला. आदल्या दिवशी बद्रीनाथ गुलमंडीच्या बाजारातून कुरडयांची पिशवी घेऊन आला. छान पांढऱ्याशुभ्र कुरडया होत्या. दगडाबाईनं पिशवी हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली केली आणि परत त्याच्याकडं दिली. "इकत आणलेली धन्याला चालायची नाय. पुढल्या घरी दे कुणाला."

अखितीला वर्गाला सुट्टी होती, ड्युटी मात्र नव्हती चुकत. बाळं काही सण बघून येत नाहीत. सकाळपासून चतुरानं पुरण वाटलं, पोळ्या केल्या, आमरस केला, भजी तळली. चुलीत पितरांच्या नावानं घास गेला. मग केळीच्या पानावर ताट मांडलं आणि नानासाहेबांना बोलावणं गेलं. नानासाहेब म्हणजे आक्काबाईचे यजमान, दगडाबाईचे चुलत दीर, भावकीत उरलेले थोरले. दरवर्षी ताटावर तेच बसायचे. ते फेटा बांधून आले, मागून आक्काबाई आली, आणि दारात गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी उगाचच रेंगाळल्या.

नानासाहेब पाटावर बसले. पाण्याला हात लावला, तो तसाच थांबवला.

"वहिनी, ताट अपुरं हाय."

"कुरडई नाय यंदा," दगडाबाई म्हणाली.

"ते दिसतंय. पितराचं ताट अपुरं वाढलं तर घरावर दोष येतो. बसणाऱ्यावर बी येतो." नानासाहेबांचा आवाज गोड होता, ही त्यांची जुनी खोड. "मी काय परका नाय. मी बसतो. पण सूनबाईनं इथं माझ्या समोर सांगावं की उद्यापासून तिचा वर्ग बंद. पुढल्या साली सावड परत सुरू, गल्ली परत येईल. आक्का, काय म्हणतीस?"

"येईल की," आक्काबाई म्हणाली.

म्हणजे सगळं घरी ठरवून आले होते. चतुराच्या हातात आमरसाचं भांडं होतं. ते तिनं घट्ट धरून ठेवलं. तिला भीती वाटत होती. बद्रीनाथची नाही, नानासाहेबांचीही नाही, दगडाबाईची. कारण ताट दगडाबाईचं होतं. तिनं आता पदर डोळ्याला लावून "हो म्हण" म्हटलं असतं, तर चतुराला या घरात राहून वर्ग करता आला नसता, आणि घर सोडायची तिची तयारी आहे की नाही हे तिला अजून माहीत नव्हतं. पण बोलायचं ते तिलाच होतं.

"वर्ग बंद होणार नाय," ती म्हणाली. "मजूर धाडली ही माझी चूक होती, ती मी काकींना सांगितली. वर्गाला गेले ही चूक नाय. तुम्ही बसा नाय तर उठा, मामंजी. मी उद्या जाणार."

दारातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बद्रीनाथनं सवयीनं आईकडं पाहिलं. नानासाहेबांनी सावकाश हात पुसला. "ऐकलं का, वहिनी?"

दगडाबाई भिंतीला धरून उभी होती. तिनं नानासाहेबांकडं पाहिलंच नाही; ती आक्काबाईकडं बघत होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुझ्या थोरलीच्या लग्नात कुरडया कुणी घातल्या?"

"तुम्हीच घातल्या की, जाऊबाई."

"ताप होता मला. तूच सांगत असतीस समद्यांला. हे गुडघे कशानं गेले माझे? तुमच्या गच्च्यांवर उकिडवं बसून गेले. अन त्या दिशी मी दारोदार काठी टेकत आले, आधण आटलं, तवर तू घरात भांडी घासत होतीस. मला ऐकू येत होतं." ती दम घ्यायला थांबली. "हिनं वर्गासाठी माझा चीक वाया घालवला. तुम्ही कशासाठी घालवला?"

नानासाहेब म्हणाले, "वहिनी, इषय तो नाय. पितर उपाशी राहील, ते बघा."

"मग उठा, भावजी," दगडाबाई म्हणाली. "पितर माझा धनी हाय. त्याचं मी बघते."

नानासाहेब उठले. त्यांना वाटलं असावं की कोणी तरी हात धरेल. ते क्षणभर घुटमळलेसुद्धा. कोणी धरला नाही. ते गेले, त्यांच्यामागं आक्काबाई गेली. दारातल्या दोघी-तिघी मात्र हलल्या नाहीत. असं फुकट बघायला रोज कुठं मिळतं?

ताट तसंच होतं. पोळीवरचं तूप थिजायला लागलं होतं.

"चतुरे, बस," दगडाबाई म्हणाली.

चतुराला कळेना. "कुठं?"

"पाटावर. दोनला ड्युटी हाय ना तुझी? उपाशी जातीस का?"

"आत्याबाई, हे पितराचं ताट हाय. बाईमाणूस कसं..."

"तुला लई इचारून चालायची सवय हाय होय? बस."

बद्रीनाथनं पुढं होऊन तिच्या हातातलं आमरसाचं भांडं घेतलं. चतुरा पाटावर बसली. सगळं दार बघत होतं. तिनं पहिला घास घेतला. डोळे भरून आले आणि पान दिसेनासं झालं. आपण रडतोय याचा तिला संताप आला, त्या संतापात दुसरा घास गेला, मग तिसरा. मग ती नीट जेवायला लागली. दारातल्या बायकांना दिसेल अशी, मान वर करून, पोळी रसात बुडवून. बद्रीनाथनं न मागता रस वाढला. थोडा पानाबाहेर सांडला. वाढायची त्याला सवय नव्हती.

दगडाबाई ओट्याला टेकून उभी होती. "उद्या सातलाच जायचं का?" तिनं विचारलं. त्या उन्हाळ्यात वर्गाबद्दल तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न.

"सातला."

"सकाळच्या भाकरी मी टाकीन. उभ्यानं जमत्यात मला." मग ती दाराकडं बघत, बाहेर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "पण कुरडईचं मी तुला माफ केलं असं समजू नको. मरेपस्तोर बोलून दाखवीन. खा."

चतुरानं मान हलवली आणि पानातला शेवटचा घासही ठेवला नाही.